दाढ ठणकायला लागली तर: रात्र कशी काढायची आणि दवाखाना कधी गाठायचा

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची रात्र होती. घरात माहेरपणाला आलेल्या बहिणी, त्यांची पोरं, सगळी रस-मांडे खाऊन गाढ झोपलेली, आणि मी ओट्यावर माठातल्या पाण्याचा तांब्या घेऊन बसलेलो. एक घोट घ्यायचा, उजव्या गालात धरायचा, की ठणका थांबायचा. पाणी तोंडात कोमट झालं की पुन्हा सुरू. थुंकायचं, नवा घोट घ्यायचा. पहाटेपर्यंत दोन तांबे संपले. मायची झोप मोडली तेव्हा तिने आतूनच उपाय सांगितला, "दाढखाले लवंग धर, आन् उगामुगा पडी राह्य." म्हणजे गुपचूप पडून राहा.

पाचोरा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. मी डॉक्टर नाही. त्या दाढेपायी मी जवळजवळ पाच महिने काढले, दोन दंतवैद्य पाहिले, बऱ्याच चुका केल्या. तुमचा तेवढा फेरा वाचावा म्हणून हे लिहितोय. गोळ्यांची मापं मला डॉक्टरांनी सांगितली तीच दिली आहेत. मधुमेह, किडनी, लिव्हर, हृदय यांपैकी काही दुखणं असेल तर त्यातली एकही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका.

सगळ्यात महागात पडलेली चूक आधीच सांगतो. आखाजीनंतर चार-पाच दिवसांनी माझं दुखणं आपोआप थांबलं. मला वाटलं, सुटलो. खरं तर दाढेच्या आतली नस मेली होती, म्हणून कळ लागत नव्हती. किडलेला भाग तसाच होता आणि मेलेल्या नसेतून जंतू मुळाच्या टोकाकडे, हाडात उतरत होते. पोळ्याच्या आठवड्यात सकाळी उठलो तर गाल डोळ्यापर्यंत सुजलेला. कपाशीचं झाड वरून हिरवं दिसतं आणि मुळाशी मर लागलेली असते, तसला प्रकार. आठवडाभर ठणकलेली दाढ एकाएकी गप्प झाली तर खूश होऊ नका, नंबर लावा.

१. आधी टॉर्च आणि आरसा घ्या

कोणता दात, कोणत्या बाजूचा, आणि काय केलं की दुखतो, एवढं आधी बघून घ्या. मोबाइलचा टॉर्च, हातातला आरसा, आणि जमलं तर घरातलं कुणीतरी. कागदावर लिहून ठेवा, कारण डॉक्टरसमोर बसल्यावर निम्मं आठवत नाही.

गार पाणी किंवा बर्फाचा गोळा लागला की सणक जाते आणि काही सेकंदांत थांबते: नस अजून शाबूत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी गेलात तर बहुतेकदा साधं सिमेंट भरून काम भागतं. माझं हे चैत्रातच सुरू झालं होतं. मी काय केलं, तर गोळा डाव्या बाजूने खायला लागलो.

सणक गेल्यावर मिनिट-मिनिट ठणकत राहतं, काही न खाता-पिताही सुरू होतं, आडवं झालं की वाढतं: नसेला सूज आली आहे. गरम चहाने कळ उठते आणि गार पाण्याने बरं वाटतं, ही त्याच्याही पुढची पायरी. माझा तांब्या आठवा. त्या रात्री मला वाटत होतं की गार पाणी हा उपाय आहे. ती दाढेने दिलेली शेवटची हाक होती.

दात उंच झाल्यासारखा वाटतो, त्यावर चावता येत नाही, बोटाने टकटक केलं तरी कळ येते, हिरडीवर पुटकुळी आहे: मुळाशी पू झाला असणार.

वरच्या एकाच बाजूच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात, सर्दी झालेली आहे, खाली वाकलं की जड होतं: हे सायनसचं असू शकतं. दात धरून बसू नका.

शेवटची दाढ, वय अठरा ते पंचवीस, मागची हिरडी सुजलेली, तोंड उघडताना ताण: अक्कलदाढ.

२. रात्र काढायची असेल तर, या क्रमाने

घरात एवढं ठेवा: मीठ, दाताचा धागा, कापूस, लवंग, बर्फ, जास्तीची उशी, पॅरासिटामॉलची एक पट्टी. कापसाची आपल्याकडे वाण नाही, पण शेतातला नको, मेडिकलमधला स्वच्छ घ्या.

आधी गुळण्या. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. अर्धा मिनिट दुखऱ्या बाजूला पाणी खेळवायचं आणि थुंकायचं, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी कोमटच हवं. नसेला सूज असेल तर गरम पाण्याने जीव जाईल.

मग फटीत काही अडकलंय का बघा. ही पायरी लोक सोडतात, आणि आखाजीच्या दिवसांत निम्मी भानगड इथेच असते. गावठी आंब्याचा केसर, मटणाचा धागा दोन दाढांमध्ये बसला की हिरडी सुजते आणि दाढ किडल्यासारखंच दुखतं. दाताचा धागा हळूच आत घालायचा, दोन्ही बाजूंनी घासत बाहेर काढायचा. धागा नसेल तर मऊ ब्रशने आणि जोरदार चुळांनी प्रयत्न करा. टाचणी, आगपेटीची काडी, बाभळीचा काटा यांतलं काहीही नको. आमच्या दुकानातल्या हमालाने सेफ्टी पिनने टोकरून हिरडीला जखम केली आणि मूळ दुखण्यावर दुसरं दुखणं बसवलं.

तिसरं, बर्फ. रुमालात गुंडाळून गालाच्या बाहेरून दहा-पंधरा मिनिटं धरायचा, मग तेवढीच विश्रांती. आमच्याकडे उलटं करायची सवय आहे. तवा तापवून, फडकं गरम करून गाल शेकतात. आत पू असेल तर शेकल्याने सूज पसरायला मदतच होते. शेक नको.

चौथं, डोकं उंच. सपाट झोपलं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि ठणका वाढतो. दोन उशा घ्या, नाहीतर बाजेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा सरकवा.

आता लवंग. मायचं खरं होतं, पण अर्धं. लवंगेत युजेनॉल नावाचं द्रव्य असतं आणि ते खरोखर बधिरता आणतं. दंतवैद्य जी तात्पुरती पांढरी भरणी करतात त्यात बऱ्याचदा हेच असतं. माझ्या दाढेत ती भरली तेव्हा सगळ्या तोंडाला मसाल्याच्या डब्याचा वास आला. पण तेल नुसतं ओतायचं नाही. लवंगतेलाचा एक थेंब, त्यात खायच्या तेलाचे तीन-चार थेंब, कापसाचा बारीक बोळा त्यात बुडवून पिळायचा आणि चिमट्याने फक्त दाढेच्या खड्ड्यावर ठेवायचा. पाच-दहा मिनिटांनी काढून चूळ भरायची. हिरडीला, गालाला लागलं तर भाजतं. मी त्या रात्री अख्खा बोळा दाबून झोपलो होतो. सकाळी गालाच्या आत रुपयाएवढा पांढरा चट्टा, आणि पुढचे चार दिवस भाकरी-ठेचा बंद. लहान मुलांना लवंगतेल अजिबात लावू नका, गिळलं गेलं तर लिव्हरला धोका असतो.

३. गोळीचं माप

फवारणीचं माप चुकलं की पीक करपतं हे मी दिवसभर गिऱ्हाइकांना सांगतो, आणि स्वतः मात्र एका रात्रीत तीन वेगवेगळ्या गोळ्या घेतल्या होत्या.

मोठ्या माणसाने पॅरासिटामॉल ६५० ची एक गोळी घ्यावी, पुढची निदान सहा तासांनी. चोवीस तासांत चारच्या वर जायचं नाही. सर्दीतापाच्या आणि अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, म्हणून पट्टीच्या मागे वाचा. दोन नावं वेगळी आणि औषध एकच, असं होऊन बसतं. रोज दारू घेणाऱ्याने किंवा कावीळ होऊन गेलेल्याने आधी विचारावं.

आयबुप्रोफेन ४०० दाताच्या सुजेवर जास्त उतरतं, पण ते पोटभर खाऊनच घ्यायचं, दिवसाला तीनच्या वर नाही, आणि सगळ्यांसाठी नाही. अल्सर, किडनीचा त्रास, दमा, हृदयविकार, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गरोदरपण यांपैकी काही असेल तर नको. डेंग्यूच्या दिवसांत अंगात ताप असेल तरी नको. आणि आपल्याकडची खास गोष्ट: मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना दिवसभर केळीच्या बागेत घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचं आणि वर या गोळ्या खायच्या, याने किडनीवर ताण येतो. उन्हाच्या कामावर असाल तर पॅरासिटामॉलवरच राहा.

ॲस्पिरिनची गोळी दाढेत दाबून ठेवणारे मी पाहिलेत. ती तिथे काही थांबवत नाही, हिरडी मात्र भाजते. सोळा वर्षांच्या आतल्या मुलांना ॲस्पिरिन पोटातूनही द्यायचं नाही. मुलांना औषध वजनावर ठरवतात, मोठ्यांची गोळी अर्धी मोडून देऊ नका.

४. यातलं काही करू नका

*मेडिकलमधली पुडी.* "दाढ दुखतेय" म्हटलं की कागदात बांधून तीन रंगांच्या गोळ्या मिळतात. एक दुखण्याची, एक ॲसिडिटीची, आणि एक अँटिबायोटिक. नसेच्या सुजेवर अँटिबायोटिक चालत नाही. पू पसरत असेल, ताप असेल तेव्हाच ते लागतं, आणि कोणतं, किती दिवस हे डॉक्टरने ठरवायचं. मी दोनदा असे अर्धवट कोर्स केले. दोन्ही वेळा दुखणं कमी झालं ते त्यातल्या वेदनाशामकाने, आणि श्रेय मी दिलं दुसऱ्याच गोळीला. दातासाठी मेट्रोनिडाझोल लिहून दिलं असेल तर त्या दिवसांत आणि संपल्यावरही तीन दिवस दारू बंद. मळमळ, उलट्या, छातीत धडधड असा त्रास होऊ शकतो.

*तंबाखू, मशेरी, तपकीर दाबणं.* घडीभर बधिर वाटतं म्हणून आमच्याकडच्या कित्येक बायाबापड्यांना मशेरीची सवयच दाढदुखीतून लागली. दाढ जाते, सवय राहते, आणि पुढे गालाच्या आत पांढरा चट्टा दिसायला लागतो. सोडायची असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत.

*कीड काढणारे.* लहानपणी आठवडे बाजारात एक माणूस बसायचा. निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकायचा, नळीतून धुरी तोंडात द्यायचा आणि खाली ठेवलेल्या पाण्याच्या ताटलीत पांढरे "किडे" पडलेले दाखवायचा. माझ्या मोठ्या मायने पैसे देऊन असे किडे काढून घेतलेत. पुढे मी बियाण्याच्या धंद्यात आलो आणि एकदा ते किडे डोळ्यांसमोर आठवले. ते बीच्या आतले कोंब होते! उष्णतेने बी फुटतं आणि कोंब बाहेर उडतो. दाताला किडा नसतो. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल करतात, त्याने दाताचं कवच विरघळतं आणि खड्डा पडतो.

*बाजारातले दात बसवणारे.* तारेने, मसाल्याने शेजारच्या दाताला जखडून "फिक्स दात" लावतात. खाली ब्रश पोचत नाही, हिरडी सडते, चांगले दातही हलायला लागतात. दंतवैद्याच्या पाटीवर पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो बघा.

वरची दाढ काढली की नजर कमी होते, हेही ऐकलं असेल. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. या भीतीने आमच्या शेजारच्या आप्पांनी पुवाची दाढ दोन वर्षं सांभाळली.

५. आता घरी थांबायचं नाही

पुढचं काही दिसलं तर गुळण्या, लवंग सगळं सोडून त्याच दिवशी दवाखाना. रात्र असेल तर सिव्हिलची कॅज्युअल्टी.

- सूज डोळ्याकडे, जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरतेय
- तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, लाळ गळते, आवाज जड झाला
- श्वास लागतो (इथे थेट १०८ लावा, दुसरा विचार नको)
- दातासोबत ताप, थंडी
- दात काढल्यावर कापूस दाबूनही रक्त थांबत नाही
- डाव्या जबड्यात कळ, सोबत घाम, छाती भरून येणं, चालताना वाढणं. हे हृदयाचं असू शकतं, १०८

घाई नाही पण टाळायचंही नाही, असं आणखी दोन. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत भरला नाही तर दाखवा. आणि गुटखा खात असाल तर आरशासमोर आपलीच तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालून बघा. जात नसतील तर दाढ दुखो न दुखो, दंतवैद्याकडे जा.

बाकी सगळ्यांसाठी माझा हिशोब सोपा आहे: दुखणं दोन दिवसांच्या वर गेलं, किंवा एकदा जाऊन परत आलं, की जायचं. मधुमेह असणाऱ्यांनी दोन दिवसही थांबू नये. गरोदर बाईने "बाळंतपणानंतर बघू" म्हणून पुढे ढकलू नये, दातांचे बहुतेक उपचार त्या काळातही करता येतात, फक्त डॉक्टरला महिना सांगायचा.

लहान मुलांचे दुधाचे दात "पडणारच आहेत" म्हणून सोडू नका. खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा तेच धरून ठेवतात. मूल पडलं आणि पक्का दात मुळासकट निघाला तर तो मुळाला हात न लावता उचला, घासू नका, दुधात टाका आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचा. परत बसू शकतो.

६. कुठे जायचं, काय न्यायचं

जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्य आहे का आणि कोणत्या वारी असतो, हे आधी फोन करून विचारा. मी न विचारता पन्नास किलोमीटर गेलो आणि तो दिवस नेमका शिबिराचा निघाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. जळगाव, धुळ्याची शासकीय मेडिकल कॉलेजं दुसऱ्या खात्याकडे येतात, तिथे थोडे पैसे लागू शकतात. धुळ्यात एसीपीएमचं दंत महाविद्यालय आहे. अशा कॉलेजात शिकणारी मुलं मोठ्या डॉक्टरांच्या नजरेखाली काम करतात, वेळ जास्त जातो, खर्च कमी येतो. शिरपूर, साक्रीकडच्या लोकांना हे सोयीचं.

सोबत: आधार कार्ड, चालू गोळ्यांच्या पट्ट्या (नावं पाठ नसतातच), जुने एक्स-रे, मधुमेह असेल तर ताजा रिपोर्ट, तुमचा तो कागद, आणि एक माणूस. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, फक्त सांगा. हृदयाची झडप बदललेली असेल तर पहिल्या वाक्यात सांगा. आणि उपाशी जाऊ नका. मी एसटी पकडायच्या नादात नुसत्या चहावर गेलो आणि भुलीच्या इंजेक्शननंतर खुर्चीतच डोळ्यांपुढे अंधारी आली.

७. खुर्चीत बसल्यावर

एक्स-रे काढल्याशिवाय दाढ उपटायला "हो" म्हणू नका. दाढ वाचते का, वाचवायची तर रूट कॅनलला (आतली नस काढून ती जागा भरायला) किती सिटिंग, हे विचारा. आणि मुख्य म्हणजे खर्च फोडून विचारा. मला जो आकडा सांगितला तो फक्त रूट कॅनलचा होता. कॅपचे, म्हणजे दाढेवर बसवायच्या टोपीचे वेगळे, हे तिसऱ्या सिटिंगला कळलं. डॉक्टरने फसवलं नाही, मीच विचारलं नव्हतं.

सूज खूप असेल तर पहिल्या दिवशी भूल नीट चढत नाही. तेव्हा पू काढून, औषध देऊन पुन्हा बोलावतात. माझंही तसंच झालं. दाढेला वरून भोक पाडल्याबरोबर घाण वासाचा पू आला आणि दोन मिनिटांत गालातला ताण उतरला. पोळ्यापासून पहिल्यांदा त्या रात्री मी त्या कुशीवर झोपलो.

भूल उतरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, काही चावू नका. ओठ चावला गेल्याचं कळत नाही. दाढ काढली असेल तर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून धरा, वारंवार थुंकू नका. पहिले चोवीस तास चूळ, स्ट्रॉ, विडी, तंबाखू बंद. रक्ताची गाठ निघून गेली तर त्या खड्ड्यात दाढेपेक्षा वाईट दुखतं. दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या.

रूट कॅनल झालेली दाढ आतून वाळलेल्या लाकडासारखी ठिसूळ होते, म्हणून कॅप. मी कॅप कापूस विकल्यावर बसवू म्हटलं. कापूस घरात, भाव पडलेला, मी थांबलो, आणि संक्रांतीला तिळाची कडक वडी चावताना दाढेचा एक कोपरा निघून हातात आला. कॅप बसली, पण त्याआधी तो कोपरा बांधून घ्यावा लागला, त्याचे आणखी वेगळे पैसे. हप्त्याने चालेल का, असं विचारल्यावर डॉक्टर लगेच हो म्हणाले होते.